मामाच्या खांद्याला झेपेल अशी काठी

गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझा मामा तलावाच्या गाळात मांडीपर्यंत रुतला. वय ५९. एसटीत ड्रायव्हर म्हणून सगळी नोकरी काढलेला आणि मुरबाड तालुक्यातल्या आमच्या आजोळी पोरांना पाण्याची भीती घालवून पोहायला शिकवणारा माणूस. गावाजवळच्या लहान धरणाचं पाणी (आम्ही त्याला तलावच म्हणतो) उन्हाळ्यात आत आत सरकत जातं. मागे जो गाळ उरतो, त्याचा वरचा पापुद्रा वाळून भेगाळतो आणि दिसायला अगदी शेतासारखा दिसतो. मामाला हे माहीत नव्हतं असं नाही. पलीकडे शेवाळात मरळीने दोनदा तोंड वर काढून हवा घेतली, आणि त्याचा गळ तिथवर पोचत नव्हता, एवढंच.

चार पोरांनी शिडी आडवी टाकून त्याला ओढून काढला. ओढताना उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. कल्याणच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं की ऑपरेशन नको, पण हात खांद्याच्या वर नेऊन झटके द्यायचे नाहीत. मामीने सांगितलं की मासेमारीच नको.

तीन महिने मामाने गळाला हात लावला नाही. तो गप्प असला की घरात टीव्हीचा आवाज वाढतो, असं मामी म्हणते. शेवटी तिनेच तह केला. तलावाला गावाच्या बाजूने धुण्याच्या दगडी पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीखाली पाय टाकायचा नाही, या अटीवर परवानगी. मग मामाचा मला फोन आला.

"तू इंजिनिअर ना रं? मग पायरीवरून पाण्यात पोचंल अशी काठी कर मला."

मी शहापूरला राहतो, घरून कोड लिहितो आणि तीनेक वर्षांपासून फावल्या वेळात मासेमारीचे रॉड बांधतो. रॉड बांधणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. रॉडचा जो नुसता दांडा असतो, ना कड्या, ना मूठ, ना रील बसवायची जागा, त्याला ब्लँक म्हणतात. तो विकत आणायचा आणि बाकीचं आपण दोऱ्याने आणि इपॉक्सीने त्यावर चढवायचं. बाकी सगळं चुकलं तर सोडवून परत करता येतं. ब्लँक चुकला तर सगळं चुकलं.

आधी प्रश्न नीट मांडायला हवा होता. ऑफिसात क्लायंटला दहा प्रश्न विचारल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. इथे मात्र क्लायंट मामा होता, त्यामुळे मी एकही प्रश्न विचारला नाही. उपग्रहाच्या नकाशावर उन्हाळ्यातलं चित्र काढून मोजलं: शेवटच्या पायरीपासून पाण्याच्या काठापर्यंत ३४ मीटर गाळ. त्यापुढे मरळ बसते तो शेवाळाचा पट्टा. म्हणजे आमिष ५० मीटर गेलं पाहिजे. (बांधावरून का नाही टाकत, हा प्रश्न मलाही पडला होता. बांधाकडे पाणी खोल आणि उघडं आहे. मरळीला उथळ, झाकलेलं पाणी लागतं. शिवाय मच्छीमार सोसायटीची जाळी तिकडेच असतात, आणि सोसायटीशी भांडण नको.)

लांब टाकायचं म्हणजे आमिष जड हवं. हलकी वस्तू कितीही जोरात फेका, हवा तिला लगेच अडवते. कागदाचा बोळा आणि तेवढ्याच आकाराचा दगड फेकून बघा. मामा स्वतःच पांगाऱ्याच्या लाकडाची ल्यूर कोरतो. लाकूड हलकं, त्यामुळे पोटात शिसं भरूनही ती तरंगते. टायरवाल्याकडची शिशाची वजनं वितळवून तो भरतो. बेडकासारखी, पण कुठल्याही बेडकापेक्षा मोठी. किराणा दुकानातल्या काट्यावर त्या ४५ ते ५५ ग्रॅम भरल्या. बाजारात सहज मिळणारे मरळीचे रॉड १० ते ३० ग्रॅमच्या ल्यूरसाठी असतात. त्यांवर ५० ग्रॅम टांगून फेकायचं म्हणजे स्कूटीवर सिमेंटची पोती नेण्यासारखं. जाते, पण किती दिवस?

इथे रॉड घेणाऱ्या नव्या पोरांची नेहमी गल्लत होते, म्हणून सांगतो. मासा ओढायची ताकद आणि ल्यूर फेकायची क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ब्लँकवर दोन आकडे लिहिलेले असतात, एक दोरीचा, पौंडात आणि एक ल्यूरचा, ग्रॅममध्ये किंवा औंसात (एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम). शेवाळातून दोन किलोची मरळ उपटून काढेल असा ताठ ब्लँक १२ ग्रॅमचा रबरी बेडूक फेकताना वाकतच नाही, आणि वाकला नाही तर फेकतही नाही. ब्लँक ही स्प्रिंग आहे. ल्यूरच्या वजनाने तो मागे वाकला पाहिजे, तरच पुढे उलगडताना ल्यूरला वेग देणार. त्यात हे आकडे ज्याचे त्याने ठरवलेले. सगळ्या जगाने मान्य केलेलं एकच प्रमाण त्यामागे नाही. एका कंपनीचा 'हेवी' दुसऱ्या कंपनीचा 'मिडियम हेवी' असू शकतो.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी पहिला ब्लँक आकड्यांच्या मोहात घेतला. नऊ फूट, ल्यूर ३० ते ८० ग्रॅम, एक्स्ट्रा फास्ट, आणि ठळक अक्षरांत ४० टन. कस्टम ड्यूटीसकट ७,२०० रुपये.

'टन' हा आकडा दुकानदार ज्या आवाजात सांगतात त्यावरून वाटतं की रॉड चाळीस टन उचलेल. तो कार्बनच्या धाग्याच्या ताठपणाचा आकडा आहे, दर चौरस मिलिमीटरला किती टन या हिशेबातला. साधा कार्बन २४ टनांचा, त्यावरचा ३०, मग ४०. फायबरग्लासचा काचेचा धागा याच मापात सातच्या आसपास येतो. जितका धागा ताठ, तितका तोच ताठपणा कमी मालात मिळतो, म्हणून ब्लँक हलका होतो. फुकट काहीच नसतं. ताठ धागा तुटायच्या आधी कमी ताणतो, आणि कमी माल म्हणजे नळीची भिंत पातळ. मोटरसायकलला बांधून नेताना दगडाचा एक टवका बसला की तिथे तो पुढे कधीतरी दगा देणार.

माझ्या ब्लँकला टवका बसायचीही वेळ आली नाही. शहापूरच्या घराच्या गच्चीवर मी त्याला टेपने कड्या चिकटवल्या, दोरीला एक किलो तूरडाळीची पिशवी बांधली आणि मामाला दाखवायला उचलली. उचलताना हौसेने रॉड सरळ उभा केला, जवळजवळ डोक्यामागे. असं केलं की सगळा वाक शेंड्याच्या दीड-दोन फुटांत गोळा होतो. खालचा जाड भाग, ज्याने भार घ्यायचा, तो आरामात उभा राहतो. फटाक्यासारखा आवाज झाला. डाळ गच्चीभर. चूक शंभर टक्के माझी, कुठल्याही रॉड बांधणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात ती.

मामाने तुटलेली टोकं हातात घेऊन बराच वेळ बघितली. नळीची भिंत नखाने दाबली.

"भारी आहे," म्हणाला. "पण हिला राग लवकर येतो."

मग तो आतून त्याची जुनी काठी घेऊन आला. ही काठी मी लहानपणापासून बघतोय. घरामागच्या बेटातला भरीव बांबू, शेकोटीवर फिरवून सरळ केलेला, तेल पाजलेला. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढायला लागले की गाव जाळी आणि टोपल्या घेऊन धावायचं, आणि मामा ही काठी घेऊन एकटा तलावावर.

त्या रात्री मी मामाला एक गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला रॉड बांधायला लागल्यावरच कळली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर बांबू चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या जोडून रॉड बनवायला लागले तेव्हा त्यांचा आवडता माल होता 'कलकत्ता केन'. हिंदुस्थानातून जहाजाने जाणारा बांबू. पुढे चीनमधला टोंकिन बांबू आला आणि तो मागे पडला. 'कलकत्ता' हे नुसतं बंदराचं नाव होतं. वनस्पतिशास्त्राच्या नावाने तो डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असावा असं मानतात, म्हणजे आपला भरीव बांबू. याच काळात, १८७३ मध्ये, मद्रास प्रांतातल्या एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' नावाचं जाड पुस्तक लिहिलं, त्यात महसीर पकडण्याबद्दल पानंच्या पानं आहेत.

"म्हणजे काठी आपली आणि पुस्तक त्यांचं," मामा म्हणाला.

महसीरचा विषय निघाला म्हणून मामीने आठवण करून दिली की वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत देवाचे मासे आहेत, त्यांना कुणी गळ लावत नाही, आणि मामानेही तिथे नुसते चणे टाकले होते. तिचा रोख माझ्याकडे होता की मामाकडे, कळलं नाही.

बांबूत खरं तर ब्लँकचं सगळं गणित आहे. चिरून बघा, धागे सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात. वाकताना ताण बाहेरच्या थरावर येतो, मधल्या मालाचं फारसं काम नसतं. भरीव काठीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट होतो, वजन मात्र चौपट. म्हणून कारखान्यातला ब्लँक पोकळ ठेवतात: माल मध्यापासून दूर ढकलायचा आणि मधलं काढून टाकायचं. मामाची काठी ६४० ग्रॅम भरली. तुटलेल्या ब्लँकचे दोन्ही तुकडे मिळून १६५. दुखऱ्या खांद्याला बांबू परत देणं शक्य नव्हतं, हे मामालाही कळत होतं. त्याने काठी परत आढ्याला लावली.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो, किंवा मला तसं वाटलं. कल्याणला एक ओळखीचा रॉड बांधणारा आहे. त्याच्याकडून मी तीन ब्लँक परतीच्या बोलीवर आणले आणि मोजायला बसलो. मोजायची एक सोपी पद्धत आहे, अमेरिकेतल्या विल्यम हॅनेमन यांची. ते रॉड आडवा बांधतात आणि टोकाला पिशवी लावून त्यात एकेक सेंटचं नाणं टाकत जातात. टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आलं की नाणी मोजायची. तो त्या रॉडचा ताठपणा. कंपनीने वर काय छापलंय याच्याशी देणंघेणं नाही. फ्लाय रॉडला नाणी पुरतात. आमच्याकडे नाण्यांऐवजी मामाच्या शेजाऱ्याच्या दुकानातली वजनं आली, ५०, १००, २०० ग्रॅमची. शेवटची वाढ तांदळाने. पहिला ब्लँक २४० ग्रॅमला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला, दुसरा ३१०ला, तिसरा ३९०ला. मी भिंतीवर पेन्सिलीने तिन्हींचा वाक काढून घेतला. मामीने ती भिंत दिवाळीपर्यंत तशीच ठेवली, नंतर मात्र चुना मारला.

ताठपणापेक्षा त्या रेघांमध्ये दुसरंच काही दिसत होतं. तिसरा ब्लँक फक्त शेंड्याला वाकत होता, याला फास्ट ॲक्शन म्हणतात. मधला, ३१०चा, काच आणि कार्बन मिसळलेला होता. तो मध्यापासून, जवळजवळ मुठीजवळून, धनुष्यासारखा वळत होता. मी एक्सेल शीट केली. वजन, ताठपणा, किंमत, फेकीचा अंदाज, प्रत्येकाला गुण. तिसरा पहिला आला. मधला, जड आणि 'मंद' म्हणून, शेवटचा.

नोव्हेंबरात भात कापून झालं होतं. मोकळ्या शेतात आम्ही तिन्हींना टेपने कड्या आणि रील लावलं, ल्यूरचे हुक काढले आणि मामाच्या हातात दिले. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मामा डोक्यावरून फेकतच नाही. त्याला फेकता येतच नाही. डॉक्टरांनी हात वर न्यायला मनाई केलेली मला पाठ होती, पण माझ्या शीटमधला माणूस हात वर नेऊन फेकत होता. तो माणूस मी होतो.

मामा दोन्ही हातांनी, कमरेच्या उंचीवरून, बाजूने झुलवून फेकत होता, विळ्याने गवत कापल्यासारखं. तिसऱ्या ब्लँकने त्याने दोनदा फेकलं, दोन्ही वेळा दात आवळले, आणि तो खाली ठेवला. फास्ट ब्लँकला शेवटच्या क्षणी झटका लागतो. तो झटका मनगट आणि खांदा देतात. मधल्या ब्लँकने तो हळूच मागे गेला, ब्लँक ल्यूरच्या भाराने पूर्ण वळू दिला, आणि सोडला. तोच जोर, पण लांब अंतरावर पसरलेला, म्हणून कुठल्याच क्षणी फार नाही. ५२ ग्रॅमची ल्यूर ४९ मीटरवर पडली. मी टेप धरून धावत गेलो आणि तिथूनच ओरडून आकडा सांगितला.

"आकडा ठेव तुझ्याकडं," तो म्हणाला. "हिच्यात कळ येत नाही."

मग लांबीचा प्रश्न. मला नऊ फूट हवे होते, लांब दांडा म्हणजे लांब फेक. मामाने मला तलावावर नेलं आणि शेवटच्या पायरीवर उभं केलं. मागे वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. कमरेवरून रॉड मागे झुलवला तर नऊ फुटी टोक थेट चौथ्या पायरीवर आपटतं. आठ फुटी जेमतेम सुटतं. नकाशावर मला ३४ मीटर दिसले होते, मागच्या पायऱ्या दिसल्या नव्हत्या. मधला ब्लँक सुदैवाने आठ फुटीच होता, दोन तुकड्यांचा, म्हणजे एसटीतही नेता येईल. किंमत ३,४००.

बांधणीबद्दल फार सांगत नाही. रीलखालची मूठ नेहमीपेक्षा पाच इंच लांब ठेवली, दुसऱ्या हातासाठी. फेकीचा बराचसा जोर आता डावा हात खालून ओढून देतो, उजवा नुसता टेकू. पावसाळ्यात इपॉक्सी दमट हवेने पांढुरकं होतं, म्हणून जानेवारी गाठली. कड्यांवरचा दोरा मामीने निवडला, हिरवा, आणि मुठीच्या वर एक लाल पट्टी. लाल का, हे तिने सांगितलं नाही. मामाने विचारलंही नाही.

आणि मग वाट बघणं. जानेवारीत तलाव अजून बराच भरलेला, पाणी पायऱ्यांना लागलेलं. तिथे ५० मीटरची काहीच गरज नव्हती. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मी दर महिन्याला जायचो आणि आम्ही पाणी किती सरकलं ते बघायचो. (आमच्या भागात हे सगळेच करतात. मुंबईच्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात मावतो, तो शहापूर तालुक्यात. १८९२चा तानसाही आमचाच. आणि मेमध्ये टँकरची वाट बघणारे पाडेही आमचेच.) एप्रिलच्या शेवटी ३० मीटर गाळ उघडा पडला. मामा म्हणाला, आता ये.

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही पायऱ्यांवर होतो. मामी वरच्या पायरीवर, धुणं नसताना. चौथ्या फेकीला शेवाळ फुटलं आणि ब्लँक मुठीपर्यंत वळला. मी आयुष्यात इतका सुंदर वाक बघितला नाही, आणि इतका घाबरलोही नाही. मामा दोन हातांनी काठी पोटाशी धरून मागे मागे झुकत राहिला. मरळ शेवाळातून सुटून पाण्याच्या काठाला आली, आणि मग मला कळलं की मासा ५० मीटरवर लागल्यानंतर काय, हा विचार मी केलाच नव्हता. मधे ३० मीटर गाळ. मासा त्यावरून ओढत आणायचा होता.

मामाने तो केला होता. ल्यूरचे हुक त्याने पाठीवर, वर तोंड करून बसवले होते, गाळात रुतू नयेत म्हणून. मरळ पापुद्र्यावरून घसरत येत होती, दीड-पावणेदोन किलोची असेल. निम्म्यावर एक बाभळीचा बुंधा गाळातून वर आला आहे. दोरी त्याला अडकली. मासा बुंध्याच्या पलीकडे फडफडत होता, आमच्यापासून पंधरा पावलांवर.

मामाचा उजवा पाय शेवटच्या पायरीच्या कडेला आला. अंगठा बाहेर. मी काही बोललो नाही. वरूनही कुणी बोललं नाही.

त्याने रीलची दोरी सैल सोडली आणि पायरीवर खाली बसला. मरळीला हवेत श्वास घेता येतो, ती चिखलात मरत नाही. तिने दोन-तीन आळोखे दिले, अंग वळवलं, हुक सुटला. आणि ती आली होती त्याच खुणेवरून वळवळत परत निघाली. पाण्यापर्यंत जायला तिला दोनेक मिनिटं लागली असतील. आम्ही तिघं बघत होतो. ल्यूर बुंध्यातच राहिली. मामाने दोरी हाताला फडकं गुंडाळून ओढून तोडली, काठीने नाही.

"ती किती ग्रॅमची होती?"

"बावन्न."

"पुढची अठ्ठेचाळीस करू," मामा म्हणाला. "बाहेरच्या बाजूने टाकतो. बुंध्याला वळसा पडंल."

मामी खाली आली, शेवटच्या पायरीच्या कडेला उभी राहून त्या बुंध्याकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि चहा करते म्हणून घरी गेली.